कल्पाच्या गोष्टी सांगणाऱ्या बाई

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला गुरुजी संकल्प सांगत होते. दरवर्षी तेच शब्द, आणि दरवर्षी आपण ते तसेच कानांवरून जाऊ देतो. पण गुरुजींनी 'श्वेतवाराहकल्पे' म्हणताच आमची धाकटी कन्या एकदम म्हणाली, "बाबा, तुमच्या टेबलावरच्या पुस्तकातही कल्प आहे!" गुरुजी थबकले, सौभाग्यवतींनी डोळे मोठे केले, आणि माझ्या पळीतले पाणी ताम्हनात पडायचे ते पितांबरावर सांडले.

कन्येचे म्हणणे काही खोटे नव्हते. टेबलावर 'कल्पा इंपीरियल' नावाचे पुस्तक होते. पूजेनंतर फराळाला बसल्यावर गुरुजींनी चौकशी केलीच. मी म्हटले, "अर्जेंटिनातल्या एका बाईंचे आहे. मूळ स्पॅनिश, मी आपला इंग्रजीतून वाचतो." गुरुजींनी चकली मोडता मोडता हिशेब सांगितला, की एक कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षे, आणि विचारले, "एवढ्या काळाची गोष्ट त्या बाईंनी किती पानांत बसवली?" मी म्हटले, "अडीचशेच्या आसपास." गुरुजी खूष झाले. हातातला लाडू संपवून म्हणाले, "हुशार आहेत."

हुशार खऱ्याच. आन्हेलिका गोरोदिशेर त्यांचे नाव. 'गोरोदिशेर' हे आडनाव नवऱ्याकडचे. बाईंचा जन्म २८ जुलै १९२८ चा, ब्वेनोस आयरेसचा. पण लहानपणीच त्या रोसारिओ शहरी आल्या आणि ५ फेब्रुवारी २०२२ ला, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, तिथेच वारल्या. रोसारिओ म्हटल्यावर आमच्या घरातली मुले 'मेस्सीचे गाव' म्हणून ओरडतात आणि वडीलधाऱ्यांना चे गेव्हारा आठवतो. तोही १९२८ चाच. पण तो तिथे जन्मला आणि जग पालथे घालायला निघून गेला. बाई बाहेरून आल्या आणि तिथेच राहिल्या. पाराना नदीकाठचे, राजधानीपासून तीनशे किलोमीटरांवरचे हे व्यापारी गाव. साहित्याच्या पेठेपासून तसे लांबच.

आणि बाई तरी कोण? विद्यापीठात साहित्य शिकायला गेल्या, पण पदवी काही पुरी झाली नाही. १९४८ साली लग्न, मग तीन मुले, ग्रंथालयातली नोकरी. लिहिण्याची हौस मनातच. १९६४ साली एका नियतकालिकाने रहस्यकथांची स्पर्धा लावली, तीत त्यांच्या कथेला बक्षीस मिळाले. पुढच्या वर्षी पहिले पुस्तक निघाले तेव्हा बाई सदतिशीच्या उंबरठ्यावर होत्या. आपल्याकडे या वयाच्या बाईला लोक विचारतात, "मुलगा कितवीत आहे?" तिकडेही त्याहून फारसे निराळे विचारत नसावेत.

त्यानंतर मात्र त्यांनी जे लिहिले त्याला तोड नाही. १९७९ चे 'त्राफाल्गार' घ्या. त्राफाल्गार मेद्रानो हा रोसारिओचाच एक व्यापारी. माल घेऊन निघतो, विकतो, चार पैसे गाठीला बांधून परत येतो. फरक एवढाच, की त्याची फेरी परग्रहांवर असते! बरे, आकाशयान कसे उडते, इंधन कोणते, याचे अवाक्षर नाही. तो त्याला 'खटारा' म्हणतो आणि विषय संपवतो. परत आला की 'बर्गंडी' नावाच्या उपाहारगृहात बसायचे, कडक कॉफीचे पेल्यामागून पेले रिचवायचे, सिगारेटी ओढायच्या, आणि दोस्तांना तिकडची हकिकत सांगायची. तीही आपला एखादा शेजारी नागपूरच्या खेपेची सांगतो त्या थाटात. वाचकाने गोष्टी क्रमानेच वाचाव्यात, अशी बाईंनी सुरुवातीलाच लाडीक तंबी दिलेली आहे.

त्यातला एक ग्रह माझ्या फार आवडीचा. तिथे सगळ्यांचे आडनाव गोन्झालेस, आणि तिथली माणसे मरतात पण जात नाहीत! आपल्या पितृपक्षात पितर येतात, जेवतात आणि सुखाने परततात. ते परतलेच नाहीत तर काय होईल, याची कल्पना करा. घरात पणजोबा, खापरपणजोबा, त्यांच्याही वरचे, सगळे ठाण मांडून बसलेले, आणि नवे काही करायला निघालात की 'आमच्या वेळी असे नव्हते' म्हणून आडवे येणारे. हसून हसून पुरेवाट होते. मग पुस्तक मिटून आपण आपल्याच घराकडे पाहू लागतो. दुसऱ्या एका कथेत जातीजातींत चिरफळलेल्या ग्रहाची हकिकत आहे. ती सांगते कोण, तर लेखिकेची एक वयस्कर, खानदानी आत्याबाई. तिला त्राफाल्गारने सारे सांगितलेले असते, पण हा परग्रह आहे हे तिच्या गावीही नाही! पूर्वेकडचा कुठला तरी देश असेल, अशी तिची समजूत. तिच्या त्या समजुतीला हसावे की आपण पूर्वेकडचे लोक म्हणून ओशाळावे, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पंधरा वर्षांपूर्वी अशी गोष्ट माझ्या हाती आली असती तर मी ती बाजूला सारली असती. नुसते 'असती' म्हणणेही खरे नव्हे; मी सारलीच होती. कॉलेजच्या वार्षिक अंकाचे संपादन तेव्हा माझ्याकडे होते. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने कथा आणून दिली. एका चाळीत रात्री सगळ्या खोल्या आपापल्या जागा बदलतात. सकाळी प्रत्येक बाई उठते ती परक्याच स्वयंपाकघरात. डबे निराळे, मिठाची बरणी निराळी, चहा कोणाला किती गोड लागतो ते ठाऊक नाही. आणि कुणी ब्र काढत नाही; पदर खोचून जो तो ओटा आवरायला लागते. बस्, एवढीच कथा. मी लाल शाईने शेरा मारला, 'कल्पनाशक्ती बरी. परंतु जीवनाशी संबंध काय?' त्या मुलीने पुन्हा मला काही दाखवले नाही. मलाही त्याचे काही वाटले नाही. अंक वेळेवर निघाला, वास्तववादी कथांनी भरलेला.

आता 'कल्पा इंपीरियल'कडे वळतो, कारण माझ्या त्या शेऱ्याला उत्तर तिथे मिळाले. पुस्तक दोन भागांत आले, १९८३ आणि १९८४ साली. एक अफाट साम्राज्य; किती वेळा मोडले आणि किती वेळा उभे राहिले याची गणती नाही. भूतकाळातले की भविष्यातले, तेही कळत नाही. नकाशा नाही, जादू नाही, राक्षस नाहीत. आहे तो चौकात बसून गोष्ट सांगणारा कथेकरी. आपला पुराणिक आठवावा, फक्त याच्यापुढे पोथी नाही आणि देवाचीही भीड नाही. तो श्रोत्यांना मधूनच झापतो, राजांची टर उडवतो, आणि विसरलेल्यांची नावे मात्र मोठ्या आदराने घेतो. पहिल्याच गोष्टीत एक किडकिडा, लढाईला कुचकामाचा पोरगा कुतूहलापोटी जुन्या अवशेषांत शिरतो, आणि पुढे त्यातून सम्राट उभा राहतो. एका गोष्टीत दरोडेखोराच्या डोंगरातल्या आश्रयापासून वाढत गेलेले एक शहर आहे. राजे येतात आणि जातात, शहर आपले रूप बदलत राहते. आणि एका गोष्टीत एक छोटा राजपुत्र आहे. करारी आईच्या धाकात, रीतिरिवाजांच्या कैचीत, बापाच्या स्मृतीचा तिरस्कार करायला शिकवलेला. त्याला राजवाड्याच्या बागेत दोन साधी माणसे भेटतात, आणि जगात खेळ नावाची चीज असते हे त्याला प्रथम कळते. ती गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकांवरचा गोंगाटही थांबला होता.

आता ही पाने कोणत्या दिवसांत लिहिली गेली ते पाहा. २४ मार्च १९७६ ला अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली. ती डिसेंबर १९८३ मध्ये गेली. त्या पावणेआठ वर्षांत माणसे घरातून, रस्त्यातून उचलली गेली आणि परत आली नाहीत. पुढे चौकशी आयोगाने ८,९६१ प्रकरणांची नोंद केली. मानवी हक्क संघटना तीस हजारांचा आकडा सांगतात. एप्रिल १९७७ पासून आया, पुढे डोक्याला पांढरे रुमाल बांधून, राजधानीच्या चौकात फेऱ्या घालू लागल्या. 'आमची मुले कुठे आहेत' एवढेच त्या विचारत. तुरुंगात जन्मलेली कित्येक बाळे भलत्यांच्याच घरी दिली गेली, आणि खऱ्या आईबापांचे नावही न ऐकता ती वाढली.

बाईंना वाटत होते की आपण 'अरेबियन नाइट्स'सारखे काही तरी लिहितो आहोत. आपण आपल्याच देशाविषयी लिहीत होतो हे त्यांना मागाहून उमगले, असे त्यांनी सांगितले आहे. मला हे फार पटते. अमका सम्राट म्हणजे अमका सेनापती, असा एकास एक हिशेब पुस्तकात मुळीच बसत नाही, आणि म्हणूनच ते त्या सेनापतींपेक्षा जास्त जगले. पण बापाचा तिरस्कार करायला शिकवलेले ते पोर वाचताना त्या बाळांची आठवण आल्याखेरीज राहत नाही.

त्याच १९८३ साली त्यांनी एका कथासंग्रहाला स्पॅनिश म्हणीवरून नाव दिले. म्हणीचा भाव असा, की रात्रभर कळा सोसल्या आणि वर झाली मुलगीच! ही म्हण आमच्या सौभाग्यवतींना सांगितली तर त्या म्हणाल्या, "त्यात सांगायचे काय? आमच्या आजीच्या तोंडी होती की!" बाईंच्या आरंभीच्या पुस्तकांत सगळा कारभार पुरुषांचा, पुढे पुढे बायका पुढे येत गेल्या. उतारवयात रोसारिओला त्यांनी लेखिकांची आंतरराष्ट्रीय संमेलने भरवली. २००३ साली उर्सुला ले ग्विन या थोर अमेरिकन लेखिकेने 'कल्पा' स्वतः इंग्रजीत आणले, आणि माझ्यासारख्यांची सोय झाली. २०११ साली जागतिक फँटसी पुरस्कारांपैकी जीवनगौरव मिळाला तेव्हा बाई त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या.

यंदा गणपतीआधी माळा आवरताना वार्षिक अंकाचे जुने गठ्ठे निघाले. त्यात ती चाळीची कथा होती, लाल शाईसकट. दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांकडे विचारपूस करून त्या मुलीचा नंबर मिळवला. ती आता बँकेत असते. मी कथेची आठवण दिली आणि म्हटले, "अगं, तेव्हा मी जे लिहिले ते चुकीचे होते." ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "सर, तुम्ही जीवनाशी संबंध विचारला होतात ना? त्या महिन्यात माझे लग्न ठरत होते."

मी काय बोलणार? कथेच्या पानांचा फोटो पाठवतो, म्हणून सांगितले. या बाईंविषयीही थोडेफार बोललो. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कुणी तरी "आई" म्हणून हाक मारली. तिने "आले रे" म्हटले आणि फोन ठेवता ठेवता विचारले,

"सर, त्यांचे पहिले पुस्तक कितव्या वर्षी आले म्हणालात?"