जबड्याचा निकाल एका तपासणीवर लावू नका

नाशिककरांनो, तोंड उघडताना कानाजवळ ‘कट्ट’ वाजतं, एवढ्याच कारणावरून कुणी तुमचे दात कानसून चावा बदलायला निघालं असेल, तर आज थांबा. झिजवलेला दात पुन्हा वाढत नाही.

जबड्याच्या सांध्यात दोन हाडांच्या मध्ये छोटी चकती असते. ती पुढे सरकली की तोंड उघडताना आवाज होतो. हा आवाज सकाळी येतो, दुपारी गायब होतो. एका डॉक्टरच्या बोटांना जाणवतो, दुसऱ्याच्या नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निदान-निकषांनी हे उघड मांडलं आहे. सरकून परत जागेवर येणारी चकती असलेल्या १०० रुग्णांपैकी नुसत्या हाताच्या तपासणीत जेमतेम ३४ सापडतात. खात्रीसाठी एमआरआय लागतो. स्नायूंचं दुखणं मात्र हीच तपासणी १०० पैकी ९० जणांत बरोबर पकडते. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा: निदान कशावरून केलं? तोंड किती मिलिमीटर उघडतं ते मोजलं का? दाबल्यावर झालेली वेदना माझी नेहमीचीच आहे का, हे विचारलं का? न दुखणाऱ्या, तोंड न अडकवणाऱ्या आवाजाला बहुधा उपचारच लागत नाहीत. दुखत असेल तरी आधी मऊ खाणं, शेक, व्यायाम असे मागे फिरता येणारे उपाय करावेत. कायमचा बदल करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरकडून स्वतंत्र तपासणी करून घ्याच.

दंतवैद्यांना कळकळीची विनंती. स्नायूवर १ किलो आणि सांध्याच्या बाहेरच्या टोकावर अर्धा किलो दाब द्यावा, असं निकष सांगतात. हा दाब अंदाजाने येत नाही. वजनकाट्यावर बोट दाबून हात बसवावा लागतो. एकाच रुग्णाला दोघांनी, एकमेकांच्या नोंदी न पाहता, त्याच दिवशी तपासावं आणि मग उत्तरं ताडून पाहावीत. तीही नुसती टक्क्यांत नकोत. दोघंही सरसकट ‘नाही’ म्हणत गेले तरी टक्के भरपूर जुळतात. योगायोगाने जुळलेला भाग वजा करण्याची रीत संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० मध्येच दिली आहे. १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशकात आहे. हा सराव इथूनच सुरू व्हावा. आणि एखाद्या दंत महाविद्यालयात ‘आणखी एक डॉक्टर पुन्हा तपासतील’ असं म्हणाले, तर रुग्णांनी कंटाळून उठून जाऊ नये. त्या दुसऱ्या तपासणीवरच पहिलीचा भरवसा ठरतो.

दोन बाबतींत मात्र थांबायचं नाही. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे, तरी पुड्या सुटलेल्या नाहीत. सुपारी-गुटखा खाणाऱ्याच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावत नसतील, तर दोष सांध्याचा नसून गालाच्या आतली त्वचा ताठरल्याचा असू शकतो. या आजारातून पुढे कर्करोग होऊ शकतो. याच आठवड्यात तोंड दाखवा, पुडी आजच बंद करा. आणि जबडा दुखताना छातीत दडपण, घाम, धाप असेल, तर दंतवैद्याची वाट धरू नका. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.