खाज, जंतू आणि मलम

इसब झालेल्या मुलाच्या त्वचेवर पिवळी खपली दिसली, की प्रतिजैविक मलमाची ट्यूब उघडली जाते. ‘क्रीम’ नावाच्या ब्रिटिश चाचणीने ही सवयच तपासली. 113 मुलांपैकी काहींना फ्युसिडिक आम्लाचे मलम, काहींना पोटातून फ्लुक्लॉक्सासिलिन, तर उरलेल्यांना निव्वळ दिखाऊ औषधे मिळाली. स्टिरॉइड मलम आणि मॉइश्चरायझर मात्र सगळ्यांनाच. 2017 मध्ये निष्कर्ष आले: सौम्य संसर्गात प्रतिजैविकांनी सांगण्याजोगा फरक पडला नाही. चाचणी लहान होती, पण डॉक्टरांचा हात आखडायला पुरेशी.

मग जंतू निर्दोष? तसेही नाही.

2023 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवले, की स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूचे ‘व्ही 8’ हे विकर त्वचेतल्या चेतातंतूंना थेट डिवचते आणि खाज सुटते. व्होरापॅक्सार (मुळात हे रक्ताची गुठळी रोखणारे औषध!) दिल्यावर उंदरांचे खाजवणे घटले. प्रयोग उंदरांवरचा, हे ध्यानात असू द्यावे.

पुन्हा मलमांकडे वळू. आपल्याकडे स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकाच ट्यूबमध्ये कोंबलेली मलमे चिठ्ठीविना नेली जातात, नायट्यालाही फासली जातात. स्टिरॉइडने खाज दबते. बुरशी मात्र पसरत राहते आणि पुढे तिचे निदानही अवघड होते.