कुळाची सोय, धन्याचें हित

घर भाड्यानें देणें व जमीन विकत घेणें हीं कामें आपल्या कुटुंबांतून आजवर वडील मंडळीच पाहत आलीं. घरांतील इतरांस त्यांची वार्ताहि नसे. परंतु ज्या व्यवहारांत एकाची गरज व दुसऱ्याचा अधिकार समोरासमोर येतात, तो घरांतील सर्वांनींच समजून घ्यावा असें आम्हांस वाटतें.

रोह्याजवळील धाटाव हें कुंडलिकेच्या खोऱ्यांतील गांव. भातशेतीच्या ह्या भागांत औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत झाली, रसायनांचे कारखाने आले, आणि परगांवच्या नोकरवर्गास बिऱ्हाडासाठीं जागा लागूं लागल्या. जेथें पूर्वीं खोत व कूळ हें नातें होतें, तेथें घरधनी व भाडेकरी हें नवें नातें उभें राहिलें.

जुनें नातें कसें तुटलें, हें नव्या घरधन्यांनीं विसरतां कामा नये. १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या जिल्ह्यांत कूळ पिढ्यान्‌पिढ्या खोताची जमीन कसीत असे. पण त्याच्या हातीं लेखी पुरावा क्वचितच असे. अखेर अलिबाग तालुक्यांतील चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९३३ सालीं शेतकऱ्यांनीं जमिनी कसण्याचें नाकारलें, आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. कुळांची उपासमार झाली, खोतांचा खंड बुडाला. १९३७ च्या सप्टेंबरांत डॉ. आंबेडकरांनीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मुंबईच्या विधिमंडळांत मांडलें. १९४९ च्या कायद्यानें ती गेली. खोतांपैकीं कित्येक आपल्याच समाजांतील होते, हेंहि मोकळेपणानें सांगितलें पाहिजे.

पुढें कुळकायद्यान्वयें १ एप्रिल १९५७ रोजीं कसणारें कूळ जमिनीचें मालक मानलें गेलें. किंमत एकरकमी देणें कुळास अवघड, म्हणून बारापर्यंत वार्षिक हप्ते व दरसाल दरशेंकडा साडेचार टक्के सरळ व्याज अशी सवलत त्यांत ठेविली होती. देणाऱ्याची ऐपत पाहून मुदत बांधावी, हें शहाणपण कायद्यास शिकवावें लागलें. धन्यांनीं तें आधींच आपखुषीनें दाखविलें असतें, तर सहा वर्षांचा कलह खचित टळता.

आतां घरभाड्याकडे वळूं. ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणें करार लेखी व नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरधन्याची आहे. नोंदणी नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयीं भाडेकऱ्याचेंच म्हणणें ग्राह्य धरतात. भाड्याची पावती देणें व जागा राहण्याजोगी ठेवणें हींहि त्याचींच कर्तव्यें. पण कायद्यापलीकडेहि बरेंच करतां येतें. पगाराचा दिवस पाहून भाड्याची तारीख ठरवावी. रात्रपाळी करणारा दिवसां झोपतो, तेव्हां दुरुस्तीची ठोकाठोक त्याला विचारून करावी. पावसाळ्यापूर्वीं छप्पर पाहून घ्यावें. अनामत रक्कम केव्हां परत करावयाची, तें करारांतच लिहावें. ह्यांत धन्याचा खर्च थोडा. उलट भाडेकरी टिकतो आणि जागा रिकामी पडत नाहीं.

जमीन विकणाराहि पुष्कळदां अडलेलाच असतो. घरांत आजारपण असतें, कर्ज असतें, नाहींतर भावांची वाटणी व्हावयाची असते. त्याची निकड पाहून भाव पाडणें हा व्यवहार नव्हे, ती लूट होय. घेणाऱ्यानें उभें पीक त्याला काढूं द्यावें. राहतें घर असेल तर दुसरी सोय होईतों अवधि द्यावा. विशेषतः बहिणीकडून घाईनें हक्कसोड लिहून घेण्याच्या कामीं आपण सहाय होऊं नये. २००५ च्या दुरुस्तीनें वडिलार्जित मिळकतींत मुलीचा हक्क मुलाइतकाच ठरला आहे. तिच्या राजीखुषीवांचून झालेली खरेदी घेणाऱ्यासहि उद्यां कोर्टाची पायरी चढावयास लावील.

ज्यांच्या घरीं भाडेकरी आहेत, त्यांस आमची एवढीच विनंति : येत्या पहिल्या तारखेस भाडें हातीं घेतांना पावती मागण्याची वाट पाहूं नका, ती लिहून तयार ठेवा.