येणं सोडलं की देणं?

गेल्या महिन्यात नाशिकला एका मुंजीला गेलो होतो. मांडव, आग्रह, मठ्ठा, जिलबी सगळं यथासांग. दुसऱ्या पंगतीला नात्यातली बरीच मंडळी एकत्र बसलो होतो आणि विषय निघाला माझ्या भाचीचा. (मावसबहिणीची मुलगी, म्हणजे भाचीच.) पोरगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे, नाशिकच्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि आता तिला पीएच.डी.साठी बंगळूरला प्रवेश मिळाला आहे. पाच-सहा वर्षांचं काम. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

एक काका म्हणाले, "कशाला एवढी धावाधाव? चांगलं चाललंय की इथे. माणसानं समाधानी असावं." मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्याच्याकडे बघ. नागपूरची एवढी मोठी बढती चालून आली होती, एका शब्दात नाही म्हणाला. ह्याला म्हणतात वैराग्य. सकाळ-संध्याकाळ ध्यान करतो, सुखात आहे."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मामा काहीतरी बोलेल असं तिला वाटलं असावं. मी मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावला.

तो मठ्ठा अजून पचलेला नाही. म्हणून हे लिहितोय. काका हे वाचतात हे मला माहीत आहे. काका, राग मानू नका, भांडण तुमच्याशी नाही. भांडण आहे ते 'अध्यात्म की महत्त्वाकांक्षा' असा प्रश्न टाकून पहिल्याच्या नावाखाली दुसरीचा गळा दाबायच्या आपल्या घरगुती सवयीशी. आणि त्या सवयीचा सगळ्यात मोठा लाभार्थी मीच आहे.

तर आधी नागपूरची खरी गोष्ट.

२०१२ साल. मी छत्तीस वर्षांचा होतो. एका कंपनीत हिशेब खात्यात होतो, अजूनही आहे. त्याच वर्षी दहा दिवसांचं मौन शिबिर करून आलो होतो. शिबिर खरंच चांगलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. परत आलो आणि दोन महिन्यांत नागपूरच्या विभागीय कार्यालयात हिशेब खात्याचा प्रमुख म्हणून जाता का, अशी विचारणा झाली. पगार जवळजवळ दीडपट. मी नाही म्हणालो. घरी आणि बाहेर सांगितलं की आता या शर्यतीत मला रस उरलेला नाही, मनःशांती महत्त्वाची.

किती कौतुक झालं म्हणून सांगू! मामांनी पाठ थोपटली. एका आत्याने तर "पूर्वपुण्याई" हा शब्द वापरला.

खरं कारण असं होतं की नागपूरच्या प्रमुखाला दर महिन्याला संचालकांसमोर उभं राहून इंग्रजीत सादरीकरण करावं लागायचं. माझा घसा कोरडा पडतो. कॉलेजात एकदा सगळ्या वर्गासमोर इंग्रजीत बोलताना अडकलो होतो, लोक हसले होते, ते मी विसरलेलो नाही. एवढंच. वैराग्य वगैरे काही नव्हतं, सरळ सरळ भीती होती. पण भीती म्हटलं की लाज वाटते आणि वैराग्य म्हटलं की लोक पाया पडायच्या बेतात येतात. मग माणूस कोणता शब्द निवडेल?

आता याचं बिल कोणी भरलं ते सांगतो. माझी बायको शाळेत शिक्षिका. तिला एम.एड. करायचं होतं, पुढेमागे मुख्याध्यापिका व्हायचं होतं. आमचं ठरलं होतं की माझा पगार वाढला की घराच्या कर्जाचा हप्ता मी एकटा उचलीन आणि ती शिकेल. पगार वाढला नाही. हप्ता होताच. तिने चार वर्षं संध्याकाळी शिकवण्या घेतल्या. सकाळी मी डोळे मिटून बसायचो तेव्हा ती पाणी भरायची, तीन डबे करायची, मुलाला उठवायची, तेही आवाज न करता, कारण आत ध्यान चालू असायचं! एकदा कुकरची शिट्टी झाली म्हणून मी चिडलो होतो. समता शिकून आलेला माणूस शिट्टीवर चिडला. हसू येतंय ना? मलाही येतं, पण तिच्यासमोर येत नाही.

एम.एड. राहिलंच.

असो. आता मुद्द्यावर येतो.

आपल्याकडे वैराग्याचं उदाहरण म्हटलं की पहिलं नाव तुकोबांचं येतं आणि त्यातही इंद्रायणीत बुडवलेल्या कर्जखतांची गोष्ट. देहूचं हे घराणं महाजनकीचं, सावकारीचं. १६३० च्या सुमारास भीषण दुष्काळ पडला. घरात माणसं गेली, पहिली बायको गेली. त्यानंतर लोकांनी लिहून दिलेली कर्जखतं त्यांनी नदीत टाकली, असं परंपरा सांगते. हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्या गोष्टीतला एक तपशील आपण गाळतो. त्यांनी सगळी खतं बुडवली नाहीत. धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा वाटा आधी त्याला वेगळा काढून दिला आणि फक्त स्वतःच्या वाट्याची खतं पाण्यात सोडली.

मी हिशेब खात्यातला माणूस, त्यामुळे मला ही गोष्ट जमा-खर्चाच्या भाषेतच कळते. ती खतं म्हणजे लोकांकडून असलेलं येणं. तुकोबांनी येणं सोडलं. देणं सोडलं नाही, आणि दुसऱ्याचं येणं तर मुळीच सोडलं नाही. भावाच्या वतीने परस्पर विरक्त व्हायचा अधिकार आपल्याला नाही हे त्यांना नेमकं कळत होतं.

आणि मी काय केलं? मी देणं सोडलं. बायकोला दिलेला शब्द हे देणं होतं. अंगात जे थोडंफार कसब आहे ते वापरणं हेही एक देणंच. ते माझ्याकडे आयतं आलेलं नाही, आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं म्हणून आलं. येणं मात्र मी एकही सोडलं नाही. समाधानी माणूस म्हणून मिळणारं कौतुक दर लग्नकार्यात व्याजासकट वसूल केलं, परवाच्या मुंजीत धरून. तुकोबांनी कर्जखतं बुडवली, मी देणी बुडवली. दोन्हीकडे क्रियापद एकच आहे म्हणून दोन्हींना वैराग्य म्हणायचं का?

ह्यावर कोणी म्हणेल, पण संतांनी महत्त्वाकांक्षा सोडायलाच सांगितली आहे ना?

मला तसं वाटत नाही. पैठणच्या एकनाथांचं घ्या. संसारी माणूस, बायको, मुलंबाळं. तरुणपणी देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना ते हिशेब ठेवायचे. एका पैची चूक सापडेना म्हणून रात्रभर वह्या घेऊन बसले आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, अशी कथा आहे. कीर्तनात ही कथा सांगतात ती 'एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर केवढा होईल' या अर्थाने. अर्थ छानच आहे. पण मला त्यात आणखी एक दिसतं. ज्या माणसाला एका पैसाठी रात्रभर बसता येतं, त्यालाच पुढचं साधतं. 'जाऊ दे, एक पै तर आहे' म्हणणाऱ्याला नाही. (मार्च एंडिंगला रात्री अकरा वाजता फरक लागत नाही तेव्हा मला ही कथा हमखास आठवते.)

आणि पुढे याच माणसाने काय केलं? ज्ञानेश्वरी १२९० ची. तिच्यात तीनशे वर्षांत पाठभेद शिरले होते, नकलाकारांच्या चुका साचल्या होत्या. एकनाथांनी पोथ्या ताडून १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. एवढं मोठं काम हातात घ्यायला उमेद लागते, हे काम मी करू शकतो असा विश्वास लागतो. याला महत्त्वाकांक्षा म्हणायचं नसेल तर दुसरा शब्द सुचवा, मी तो वापरीन.

मी जी ध्यानपद्धत शिकलो तिच्यातही हेच. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून ती भारतात घेऊन आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतं. गोएंका स्वतः व्यापारी, उद्योजक. पण त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन कोण होते? स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल! कारकून म्हणून नोकरीला लागले, खात्याच्या परीक्षा दिल्या आणि १९४८ मध्ये सर्वोच्च पदावर पोचले. ऑफिसातच सहकाऱ्यांना ध्यान शिकवलं आणि १९५२ मध्ये रंगूनला केंद्र काढलं. मी ज्यांच्या परंपरेत डोळे मिटायला शिकलो, त्यांनी हिशेब खात्यातली प्रत्येक पायरी चढून दाखवली होती. मी त्यांचंच नाव घेऊन पहिल्या पायरीवर बसकण मारली.

ह्याचा अर्थ बढती आली की घेतलीच पाहिजे असा अजिबात नाही. आमच्याच ऑफिसात एक ज्येष्ठ सहकारी होते. त्यांनीही बदली नाकारली होती. कारण विचारलं तर म्हणाले, "आई अंथरुणावर आहे, तिला दुसरीकडे करमणार नाही." बस्स. तत्त्वज्ञान नाही, डोळे वर करणं नाही. नुकसान त्यांनी स्वतः सोसलं आणि त्याचं कौतुकही कोणाकडे मागितलं नाही. त्या माणसाने आयुष्यात एकदाही ध्यान केलं नसेल, पण वैराग्य कशाला म्हणतात हे मला विचाराल तर मी त्यांच्याकडे बोट दाखवीन. काका, पुढच्या वेळी उदाहरण द्यायचं झालं तर त्यांचं द्या.

उलट टोकही आहे, तेही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ऐन मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ताणमुक्तीसाठी ध्यानाचं सत्र ठेवलं होतं. अर्धा तास श्वास बघायचा आणि मग रात्री अकरापर्यंत बसायचं. माणसं कमी आहेत हा प्रश्न श्वास बघून सुटत नाही. तिथे अध्यात्म महत्त्वाकांक्षेचं वंगण होतं, माझ्याकडे ते भीतीचं पांघरूण होतं. दोन्हीकडे बिचाऱ्या अध्यात्माला कामाला जुंपलं, एवढंच साम्य!

मग तोल कसा साधायचा? मला विचाराल तर तराजूच चुकीचा आहे. एका पारड्यात देव आणि दुसऱ्यात करिअर ठेवून अर्धं-अर्धं तोलायचं, असं ते नाहीच. हिशेब साधा आहे. येणं आणि देणं वेगळं लिहा. काम, शब्द, अंगातली कुवत, घरातल्यांचा वाटा ही देणी. ती पूर्ण फेडायची, तिथे समाधान मानायचं नाही. कौतुक, पद, यश, लोक काय म्हणतील हे येणं. ते मिळालं तर ठीक, नाहीतर नदीत. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात बसून पेन्सिलीने गीतारहस्याची शेकडो पानं लिहिली ती बहुधा हेच सांगायला. मी ती सगळी वाचली असती तर कदाचित नागपूरला गेलो असतो. :)

आणि दुसऱ्याला 'समाधान मान' म्हणायच्या आधी जीभ चावायची. समाधान ही स्वतःच्या खात्यात टाकायची गोष्ट आहे. दुसऱ्याच्या नावे ती परस्पर टाकली की तिला जबरदस्ती म्हणतात. आपल्या घरांत ती बहुतेक वेळा मुलींच्या आणि सुनांच्याच खात्यात टाकली जाते, हे जरा मोजून बघा. त्या पंगतीत भाचीच्या शेजारी तिचा चुलतभाऊ बसला होता. तो कॅनडाला निघालाय. त्याला कोणीही समाधानाबद्दल विचारलं नाही. त्याला सगळ्यांनी विचारलं की तिकडे थंडी किती असते.

तर बाळ, मामाचं उदाहरण मी आजपासून मागे घेतो. ते खोटं होतं. तू बंगळूरला जा. सहा वर्षं लागोत नाहीतर आठ. तिथे जमलं नाही तर परत ये, पण जमलं नाही म्हणून ये, भीती वाटली म्हणून नको. आणि भीती वाटलीच तर तिला भीतीच म्हण, दुसरं नाव देऊ नकोस. पंगतीत बोलायचं ते इथे बोलतोय, उशिरा का होईना.

ध्यान मी सोडलेलं नाही. फक्त वेळ बदलली आहे. आधी पाणी भरतो, डबे भरतो, मग बसतो. शिट्ट्या तोवर होऊन गेलेल्या असतात.

हे सगळं लिहून झाल्यावर बायकोला वाचायला दिलं. नाव गुंतलंय तिचं, विचारायला हवं. तिने शांतपणे वाचलं आणि एकच दुरुस्ती सांगितली. मी शिकवण्या दोन वर्षं घेतल्या असं लिहिलं होतं. ती म्हणाली, "चार."

वर दुरुस्त केलं आहे.