एका माणसामागे किती?

कार्ड अंत्योदयचं, घरात माणसं नऊ, महिन्याला धान्य 35 किलो. शेजारच्या घरी प्राधान्य गटाचं कार्ड, तिथं माणशी 5 किलो. वस्तीतल्या रविवारच्या वर्गात आम्ही सातवीच्या मुलांना एवढंच विचारलं : एका माणसाच्या वाट्याला जास्त कुठं येतं? सगळ्यांनी अंत्योदयकडे बोट दाखवलं. मग एका मुलीनं भागाकार मांडला. 35 भागिले 9, चार किलोसुद्धा भरत नाही! कार्ड तिच्याच घरचं होतं. सात माणसांपर्यंत ठीक, आठव्या माणसापासून सर्वात गरीब घरालाच माणशी कमी धान्य मिळतं.

पाठ्यपुस्तकात याला एकमान पद्धत म्हणतात. 12 पेन 60 रुपयांना, तर एक पेन केवढ्याला? मुलं घडाघडा सोडवतात, कारण शेवटी काय करायचं ते पाठ असतं. पण 'एक' कशाचा धरायचा, एका माणसाचा, एका किलोचा की एका रुपयाचा, हे ठरवायला त्यांना कोणी शिकवत नाही. खरी अक्कल तिथंच लागते. आमचीही गंमत झाली. पुडी नेहमी महागच पडते असं आम्ही छातीठोकपणे सांगितलं. मुलांनी दुकानात जाऊन शाम्पूचा भाव काढला, तर बाटलीपेक्षा पुडीच स्वस्त! भागून बघितल्याशिवाय बोलू नये, हा धडा आम्हालाच मिळाला.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, आपल्या पोरांना अधिकारी करायचंय, किराणा दुकानाचं गणित कशाला? मित्रहो, 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षणात मोडी-बालबोध वाचन-लेखनासोबत हिशेब मागितला होता, शेतीचं ज्ञानही मागितलं होतं. ज्याला हिशेब येत नाही त्याला कागदावर कसं नागवलं जातं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आपण स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका काढतो, त्या हव्यातच. पण तिथं पोचण्याआधी सातवी-आठवीत गणितात गळालेल्या मुलाचं काय? त्याच्यासाठी आपल्या विहारात आठवड्याचा एक तासही नाही.

पुढच्या रविवारी मुलं रेशनच्या पावत्या आणणार आहेत. तहसीलदारांना द्यायच्या निवेदनाला त्या मुलीची वजाबाकी जोडायची ठरलंय : नऊ माणसांचे 45, मिळतात 35, दर महिन्याला दहा किलो कमी.