चिंचोक्यांचा हिशेब
या आठवड्यात भाच्याच्या वहीत डोकावलो (विचारून, हं!). दर शनिवारी मित्रांबरोबर चिंचोके लावून पोकर खेळतो पठ्ठ्या. पहिल्या पानावर संकल्प, ‘महिन्यात पाचशे चिंचोके जिंकायचे.’ हा संकल्प नव्हे, नवस आहे. सुरुवातीच्या दोन पत्त्यांत दोन्ही एक्केच येणं सरासरी 221 डावांत एकदा. आणि ते येऊन समोर दोन राजे असले, तरी पाच-सहा डावांतला एखादा राजेच मारून नेतात. म्हणजे बरोबर खेळूनही हरता येतं आणि गाढवपणा करून जिंकताही येतं. मेंढीकोटात मी आयुष्यभर तेच करत आलो. मग आपल्या हातात उरतं काय? कॅटमध्ये पत्ते किती हेही ठाऊक नसलेली मारिया कोनिकोवा, मानसशास्त्राची डॉक्टर, एरिक सायडेल या मुरलेल्या खेळाडूकडे पोकर शिकायला गेली, तेव्हा त्याचा धडा होता, लक्ष दे. 2018 मध्ये बहामात तिनं पोकरची स्पर्धा जिंकून 84,600 डॉलर खिशात घातले. वहीचं दुसरं पान मात्र झकास! शनिवारचे तीन डाव : पत्ते कोणते, लावले किती, का लावले. तिसऱ्या डावाच्या ‘का’पुढे लिहिलंय, ‘राग आला होता.’ इतकी खरी ओळ ऑफिसातल्या वार्षिक उद्दिष्टांच्या फॉर्मात मी तीस वर्षांत लिहिली नाही. पुढच्या शनिवारी मीही बसतो म्हटलं, चिंचोके तुझ्या आईच्या बरणीतले घेतो. तर म्हणाला, “मामा, आधी वही आण.”