विश्लेषण : ‘दारव्हा’ शोधल्यावर जुने दस्तावेज सापडतील?

वाचनालये, शाळा आणि संस्था जुनी पुस्तके, अंक, अहवाल स्कॅन करून जपू लागल्या आहेत. मात्र स्कॅन केलेले पान शोधताना मिळाले नाही, तर ते असून नसल्यासारखेच. ते मिळते त्याच्या नोंदीमुळे, म्हणजेच मेटाडेटामुळे. ही नोंद कशी करायची हे आधीच का ठरवावे लागते, ते यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्याच्या उदाहरणावरून समजते.

मेटाडेटा म्हणजे काय?

ग्रंथालयातील तालिका-कार्डाचे हे डिजिटल रूप. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन येथे १९९५ मध्ये झालेल्या कार्यशाळेतून ‘डब्लिन कोअर’ हे मानक पुढे आले. शीर्षक, कर्ता, विषय, तारीख, भाषा, हक्क असे त्याचे १५ मूलभूत घटक आहेत. छोट्या संग्रहालाही ते पुरतात.

दारव्ह्याबाबत अडचण कोणती?

गाव जागेवरच राहिले, पत्ता बदलत गेला. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर हा भाग मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. जिल्ह्याचे नावही १९०५ पर्यंत वणी होते. इंग्रजी कागदपत्रांत ते ‘वून’ असे आढळते. त्यामुळे केवळ ‘यवतमाळ’ शोधणाऱ्याला १९०० चा अहवाल दिसणारच नाही. यावर उपाय म्हणजे दोन रकाने : एकात छापलेले नाव जसेच्या तसे, दुसऱ्यात आजचे नाव.

व्यक्तिनामे आणि शुद्धलेखनाचे काय?

याच जिल्ह्यातील लोकनायक बापूजी अणे कुठे ‘माधव श्रीहरी अणे’, तर कुठे ‘मा. श्री. अणे’ असे भेटतात. एक प्रमाण नाव ठरवून बाकीची त्याला जोडली नाहीत, तर एकाच व्यक्तीचे लेखन तीन ठिकाणी विखुरते. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’ अशी रूपे आहेत. मूळ शीर्षक न बदलता शोधासाठी आजचे रूप वेगळे द्यावे लागते.

तारीख आणि हक्क कसे नोंदवावेत?

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण पाडव्याआधीच्या जानेवारी-मार्चमध्ये ७९ मिळवावे लागतात. म्हणून नुसते ‘शके १८२७’ छापलेले असेल, तर ‘१९०५-०६’ अशी नोंद करावी. लेखकाच्या निधनाचे वर्षही हवे. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा स्वामित्वहक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. पुस्तक सर्वांसाठी खुले करता येईल का, हे त्यावरून ठरते.

नियोजन कसे करावे?

स्कॅनिंगपूर्वी चार-पाच पानांची नियमपुस्तिका लिहावी. पन्नासेक पुस्तकांवर ती तपासून दुरुस्त करावी. नोंदी युनिकोडमध्येच असाव्यात; जुन्या फॉन्टमधील मजकूर इतर संगणकांवर शोधता येत नाही. नोंद कोणी, केव्हा केली आणि नियम का बदलला, हेही लिहून ठेवावे. मानक रकाने पाळले, तर पुढे आयआयटी खरगपूरने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयासारख्या व्यवस्थेशी संग्रह जोडणे सोपे जाते.

हे का महत्त्वाचे?

तालुक्याच्या ठिकाणी हे काम अनेकदा एक-दोन माणसांवर चालते. ती माणसे गेली आणि लेखी नियम नसतील, तर नव्या माणसाला फाइलींचे नुसते क्रमांक दिसतात. तोवर मूळ कागद जीर्ण झालेला असला, तर पुन्हा नोंद करायलाही काही उरत नाही.